बॅटरीवरचे ड्रिल मशीन : वापर, निगा आणि खबरदारी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि पाचट यांवर लिहावे, ड्रिल मशीनवर कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण गटागटांतून फिरताना आम्हांस असे दिसते, की ज्या घरी ठिबक संच येतो त्या घरी मागोमाग बॅटरीवरचे ड्रिल मशीनही येते. सबमेनला भोके पाडणे, फिल्टरचा स्टँड बसवणे, मोटारीच्या खोलीचा पत्रा आवळणे, गोठ्याचे दार दुरुस्त करणे, ही कामे पूर्वी मिस्त्रीवाचून अडत. आता ती घरचीच पोरं करतात. ही चांगली गोष्ट आहे. मात्र हे मशीन हातात कसे धरावे आणि त्याची बॅटरी कशी सांभाळावी, हे सांगणारे कोणी नसते. दुकानदार खोके हातात देतो. खोक्यातले माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते आणि ते खोक्यातच राहते.

मागच्या लागण हंगामातील एक प्रसंग सांगतो. एका सभासदाचा थोरला मुलगा फिल्टरच्या स्टँडसाठी लोखंडी अँगलला भोक पाडीत होता. अँगल पायाखाली दाबलेला, मशीन एका हातात. भोक आरपार जाण्याच्या बेतात असताना बीट अडकले. बीट थांबले, पण मोटार थांबली नाही. तिने मशीनच गर्रकन फिरवले आणि मशीनबरोबर मनगट. हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ऐन आडसाली लागणीत घरातला कर्ता हात गळ्यात अडकला. सऱ्या तयार, बेणे तोडून ठेवलेले आणि पाण्याची पाळी रात्रीची. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, ह्याला वायरच नव्हती, म्हणून आम्ही बिनघोर होतो."

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. वायर नसली की शॉकची भीती कमी होते, हे खरे. परंतु फिरणाऱ्या बीटाची ताकद कमी होत नाही, आणि वायरीच्या जागी जी बॅटरी घरात येते तिचे स्वतःचे पथ्य असते. या दोन गोष्टी सभासदांनी नीट समजून घ्याव्यात, एवढ्यासाठी हा लेख आहे.

मशीनची ओळख

बॅटरीवरचे ड्रिल मशीन अगदी कालचे नव्हे. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने ते १९६१ साली बाजारात आणले. त्या काळची बॅटरी निकेल-कॅडमियमची, म्हणजे जड आणि लवकर उतरणारी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि पुढे ड्रिल मशीनमध्येही तीच रुळली. आज दुकानात मिळणारी बहुतेक मशीने लिथियम बॅटरीचीच असतात.

मशीनवर दोन आकडे ठळक असतात : व्होल्ट आणि अँपिअर-तास. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ते सहज समजतील. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते. १८ व्होल्टची २ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ४ अँपिअर-तासाची बॅटरी यांचा जोर साधारण सारखाच. दुसरी दुप्पट वेळ चालते, इतकेच. खरेदी करताना आणखी एक ध्यानात ठेवावे. खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेले असते ती बहुधा १८ व्होल्टचीच बॅटरी असते. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल असतात, त्यांची बेरीज १८. पुरी भरल्यावर तीच २० च्या वर जाते. म्हणून दोन व्होल्टांसाठी कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.

पुढे चक असतो, त्यात बीट धरले जाते. चकच्या मागे आकडे लिहिलेली कडी असते, तो क्लच. वरच्या अंगाला १ आणि २ अशी गिअरची कळ असते. १ म्हणजे हळू पण जोरदार, २ म्हणजे वेगवान पण कमी जोराचे, ट्रॅक्टरच्या गिअरसारखेच. घोड्याच्या वर सुलटे-उलटे फिरवण्याची कळ असते. ही कळ बरोबर मध्ये ठेवली की घोडा दाबला जात नाही. काम थांबले की ती मध्ये आणून ठेवण्याची सवय लावावी. गिअर बदलायचा किंवा दिशा उलटी करायची ती मशीन पूर्ण थांबल्यावरच. फिरत्या मशीनचा गिअर बदलला की आतले दाते जातात.

मनगट कसे मोडते

चांगल्या १८ व्होल्टच्या मशीनचा पीळ पहिल्या गिअरमध्ये ५० न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही अधिक असतो. हा आकडा असा समजावा. एक मीटर लांबीचा पान्हा आडवा धरून त्याच्या टोकाला पाच किलो वजन टांगले तर जेवढा पीळ पडेल, तेवढा हा पीळ. पण मशीनची मूठ बीटापासून एक मीटरवर नसते, अर्ध्या वितीवर असते. म्हणजे बीट अडकले की त्या मुठीला सुमारे चाळीस किलोचा हिसका बसतो, आणि तोही डोळ्याचे पाते लवायच्या आत. बैलाने दावे ओढावे तसा तो हिसका येतो. हाताला सावरायला सवड मिळत नाही.

स्क्रू आवळताना क्लच हा हिसका खातो. ठरलेल्या जोरापुढे तो कटकट असा आवाज करून घसरतो आणि हात वाचतो. परंतु भोक पाडण्यासाठी आपण क्लचची कडी ड्रिलच्या खुणेवर नेतो, तेव्हा क्लच घसरत नाही. सगळा पीळ थेट बीटाला, आणि बीट अडकले तर थेट मनगटाला. म्हणून भोक पाडताना अधिक जपावे.

बीट बहुतेक वेळा अडकते ते भोक आरपार जाण्याच्या क्षणी. शेवटचा पातळ पापुद्रा फाटतो आणि त्याची कड बीटाच्या खाचेत घुसते. यावर उपाय असे :

लोखंडी वस्तू शिकंज्यात किंवा सी-क्लॅम्पने घट्ट आवळावी. पायाखाली, मांडीवर किंवा दुसऱ्याच्या हातात धरून भोक पाडू नये. आधी पंचने खूण करावी, मग बारीक बीटाने भोक पाडून तेच मोठ्या बीटाने वाढवावे. लोखंडाला गिअर १ आणि वेग कमी; दोन थेंब तेल सोडावे. मशीनबरोबर आडवी मूठ मिळाली असेल तर ती बसवून दोन्ही हातांनी धरावे. पाय रोवून उभे राहावे, शिडीच्या शेवटच्या पायरीवरून मोठे भोक पाडू नये. आरपार जायची वेळ आली की जोर काढून घ्यावा आणि बीटाला आपल्या आपण जाऊ द्यावे. अडकलेच, तर घोडा सोडून द्यावा, दिशा उलटी करून हळूच बाहेर काढावे. पुन्हा पुन्हा घोडा दाबून अडकलेले बीट सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

कपड्यांकडेही लक्ष असावे. गळ्यातला टॉवेल, सोडलेली बाही, धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या बीटात गुंतते. आमच्या भगिनी सभासद आता ही कामे हौसेने करतात. त्यांनी पदर खोचून आणि केस बांधून मशीन हातात घ्यावे. हातमोज्यांबद्दल बहुतेकांचा समज उलटा आहे. पत्रा उचलताना हातमोजे जरूर घालावेत, पण बीट फिरत असताना सुती हातमोजे नकोत. मोज्याचा एक धागा गुंतला तरी बोटासकट मोजा ओढला जातो. डोळ्यांना मात्र साधा पारदर्शक चष्मा प्रत्येक वेळी हवाच. लोखंडाचा कीस डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. कण रुतला असेल तर तो काढण्याच्या भानगडीत न पडता डोळा झाकून थेट डॉक्टरकडे जावे.

सबमेनला भोके पाडताना

आता आपल्या मुख्य कामाकडे वळू. चौरस एकराची बाजू सुमारे २०८ फूट भरते. पाच फुटी पट्ट्याने ऊस असेल तर एका एकराला सबमेनवर ४१-४२ नळ्या बसतात, म्हणजे तितकीच भोके. चार एकराच्या संचाला दीडशेच्या वर. यातले प्रत्येक भोक गळू शकते. सबमेन मातीत गाडल्यानंतर गळणारे ग्रोमेट शोधणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. शेवटच्या सरीला पाणी कमी, पहिल्या सरीत चिखल, आणि सोडलेले खतही त्याच चिखलात. पुष्कळदा संचाला दोष दिला जातो; उकरून पाहावे तर दोष भोकात सापडतो.

पहिली गोष्ट बीटाची. लोखंडाचे साधे पिळाचे बीट पी.व्ही.सी. पाइपमध्ये खचकन घुसते, पाइपला तडा जातो आणि भोक लांबट होते. लांबट भोकात गोल ग्रोमेट कधीच नीट बसत नाही. ग्रोमेटसाठी मिळणारे खास बीट वापरावे. त्याचे माप कंपनीगणिक वेगळे असते, म्हणून ज्या कंपनीचे ग्रोमेट त्याच कंपनीने सांगितलेल्या मापाचे बीट घ्यावे. शेजाऱ्याचे बीट चालेल असे धरून चालू नये. आधी पाइपच्या तुकड्यावर एक भोक पाडून ग्रोमेट बसवून पाहावे.

दुसरी गोष्ट ओळीची. सबमेनवर सुतळी ताणून सरळ रेघ मारावी, पट्ट्याच्या मापाने खुणा कराव्यात आणि सगळी भोके त्याच रेघेवर पाडावीत. पाइपखाली मातीचे ढेकूळ नको. दोन्ही बाजूंनी माती किंवा लाकडी ठोकळे लावून पाइप हलणार नाही असा करावा.

तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खालच्या बाजूलाही भोक पडणे. वरची भिंत फुटली की दाबून धरलेले बीट धाडकन आत जाते आणि तळाला लागते. तळाचे भोक वरून दिसत नाही. पाणी सुरू झाल्यावर कळते. यासाठी बीटावर नळीचा एक लहान तुकडा असा चढवावा, की टोकाकडचा थोडाच भाग उघडा राहील. तुकडा पाइपला टेकला की बीट पुढे जात नाही. दोन रुपयांच्या तुकड्याने मोठे काम होते.

मशीन पहिल्या गिअरवर, सरळ उभे धरून, घोडा हलका दाबून भोक सुरू करावे. मशीन कलले की भोक लांबट झालेच. दीवारीला वापरायची हातोडीची खूण पी.व्ही.सी., लाकूड आणि लोखंड यांना कधीही लावू नये. भोक पडल्यावर आतली-बाहेरची कड पॉलिश पेपरने साफ करावी. मग ग्रोमेट बसवावे.

चौथी गोष्ट किसाची. दीडशे भोकांचा कीस पाइपमध्ये पडलेला असतो. नळ्या जोडण्यापूर्वी सबमेनच्या शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावे. नळ्या जोडल्यावर त्यांचीही टोके उघडी ठेवून पाणी सोडावे आणि मगच टोके बंद करावीत. ही दहा-पंधरा मिनिटे वाचवली तर तो कीस ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, आणि तेथून तो ॲसिडनेही निघत नाही.

पत्र्याचे स्क्रू आवळताना क्लच लहान आकड्यापासून सुरू करावा आणि लागेल तसा वाढवावा. स्क्रूखालचा रबरी वायसर जरासा दबला की पुरे. चपटा होऊन बाहेर आला की उन्हाने फाटतो आणि पहिल्या पावसात मोटारीच्या खोलीत गळती लागते.

शॉक लागतो का?

"बॅटरीवरचं हाय, करंट कुठनं बसणार?" असे आम्हांस पुष्कळजण विचारतात. मशीनमधून नाही, पण ज्यात भोक पाडता त्यातून बसतो. भिंतीत वायर गाडलेली असेल किंवा स्टार्टरच्या पेटीत चालू लाइन असेल आणि बीट तिला लागले, तर करंट बीटातून येतो. स्टार्टरच्या पेटीला, मीटरच्या फळीला किंवा स्विचजवळच्या भिंतीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि टेस्टरने पाहावे.

तसेच रिकाम्या डिझेल-पेट्रोलच्या पिंपाला ड्रिल लावू नये. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ असते. मशीनच्या मोटारीत ठिणगी पडते, बीट तापते. गोबर गॅसच्या टाकीजवळही हेच. औषधाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून दुसऱ्या कामाला वापरण्याची सवय तर सोडूनच द्यावी.

बॅटरीचे पथ्य

मशीनच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीचा असतो, आणि निष्काळजीपणाने लवकर जाते तीही बॅटरीच. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीबद्दल सांगत, की ती पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी. तो सल्ला अजून गावोगाव चालतो. लिथियम बॅटरीला तो लागू नाही. जोर कमी झाल्यासारखा वाटला की काम थांबवून चार्जिंगला लावावी. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच कपाटात टाकली, की दोन-चार महिन्यांनी चार्जरही तिला ओळखत नाही. मग काहीजण ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर लावून तिला 'जागी' करू पाहतात. असे कदापि करू नये; आग लागू शकते. पुष्कळ दिवस काम नसेल तर साधारण निम्मी भरलेली बॅटरी मशीनमधून काढून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी.

उष्णता ही बॅटरीची वैरीण. वैशाखात बंद जीपमध्ये, ट्रॅक्टरच्या टपावर किंवा पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवू नये. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, हाताला गार लागू द्यावी. पावसाने भिजली तर चार्ज करू नये, दुकानात दाखवावी. खिळे, नट-बोल्ट, पान्हे यांच्याबरोबर एकाच पेटीत टाकू नये. एखादा खिळा दोन टोकांना आडवा पडला की शॉर्ट होऊन ती पेट घेऊ शकते. टोपण असेल ते लावावे, नसेल तर वेगळ्या डब्यात ठेवावी.

चार्जर मात्र घरच्या लाइनवर चालतो, तेव्हा शॉकची भीती तेथे पुरेपूर आहे. पिन नाही म्हणून दोन वायरी आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणे, ओल्या मोटारीच्या खोलीत चार्जर ठेवणे, हे बंद करावे. चार्जर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीचा असावा. चार्जिंग पाचटावर, वैरणीजवळ, गादीवर करू नये. फरशीवर, मोकळ्या जागी आणि घरात कोणी जागे असताना करावे. स्वस्तात सेल बदलून दिलेल्या किंवा नकली बॅटऱ्यांत बिघाडाच्या वेळी प्रवाह तोडणारी यंत्रणा नसण्याचा संभव असतो. तेथे वाचवलेले पैसे एका रात्रीत जातात.

फुगलेली, चेपलेली, वास येणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. ती उघडू नये, उकिरड्यावर, नदीत किंवा जाळात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे नेऊन द्यावी. धूर येऊ लागला तर माणसे आणि जनावरे आधी दूर करावीत, धूर विषारी असतो. चार्जिंगला असेल तर मेन स्विच पाडावा आणि लांबून भरपूर पाणी मारावे. विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा पेटते, म्हणून घरात परत आणू नये. मदतीसाठी ११२ वर फोन करावा.

रोजची निगा

काम संपले की बॅटरी काढावी, मगच बीट काढावे. बीट बदलताना बॅटरी लावलेली असणे ही नेहमीची चूक आहे. बीट चकच्या तिन्ही दातांच्या बरोबर मध्ये बसले आहे ना, हे पाहून घट्ट करावे आणि एकदा मोकळे फिरवून पाहावे. हलकावे दिसले तर काढून पुन्हा बसवावे.

हवेच्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशने काढावी. मशीन पाण्याने धुऊ नये, तसेच इंजिन पुसतो तसे डिझेल किंवा रॉकेलने पुसू नये. प्लॅस्टिक मऊ पडून तडकते. कोरडे फडके पुरे. चक खाली करून उघड-मीट केली की आतला कीस पडतो. बोथट बीट फेकावे किंवा धार लावावी. बोथट बीटाला जोर लावावा लागतो आणि तेच जास्त अडकते. मोटारीत ठिणग्या वाढल्या, जळका वास आला, तर कार्बन संपले असतील, दुकानात दाखवावे. बिनकार्बनच्या मोटारीत ही कटकट नसते.

आपल्याकडे मशीन एकाचे आणि वापर वाडीचा. शेजारधर्म म्हणून ते जरूर द्यावे. देताना बीट मोजून द्यावे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन गोष्टी बोलून द्यावे : वस्तू आवळून धर, आणि बॅटरी काढून बीट बदल. एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते.

ज्या मुलाचा प्रसंग आम्ही वर सांगितला, तो आता बरा आहे. त्याने पहिले काम काय केले असेल, तर मोटारीच्या खोलीतल्या बाकाला शिकंजा बसवला. मागच्या महिन्यात आम्ही त्या बाजूला गेलो, तेव्हा वाडीतली दोघे-तिघे आपापले अँगल घेऊन त्याच शिकंज्याशी बसले होते. सभासदांनी आपापल्या घरी एवढे एक काम तरी करावे, अशी आमची विनंती आहे.

ठिबक संच जोडताना सबमेनच्या भोकांबाबत काही अडचण असल्यास आपल्या गट कार्यालयात कळवावे. आमचे कर्मचारी प्रत्यक्ष प्लॉटवर येऊन एक भोक पाडून दाखवतील. कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी